सातव्या महिन्यातली मोजणी

स्यूलुआनला पाण्याची भीती होती, आणि ती काही आजकालची नव्हती. लग्न होऊन या बंदराच्या गावात आली, त्याच आठवड्यात सासूने मनगट धरून तिला धक्क्याच्या उतारावरून समुद्रात नेलं होतं. चार हात मारले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि बाई जी काठावर आली ती एकोणीस वर्षं पुन्हा उतरली म्हणून नाही. तैवानच्या उत्तर किनाऱ्यावर संसार करायचा आणि समुद्राला पाठ करून जगायचं, हे तिचं तिलाच ठाऊक.

बरं, सासू तरी कशी मिळावी, तर आमा! आमा म्हणजे आजी. खरं नाव आत्वान, पण शेंबड्या पोरापासून बंदराच्या साहेबापर्यंत सगळे तिला आमाच म्हणत. सत्तर वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ याच खाडीत बुडाला. महिना सातवा होता, भुतांचा. गाव म्हणालं, पाण्यातल्या भुताला सुटका हवी असते, त्याने बदली म्हणून पोराला ओढला. आत्वान तेव्हा चौदा वर्षांची. भर अंगणात सगळ्या थोरामोठ्यांसमोर ती म्हणाली, "भुतानं नाही ओढला. त्याला पोहता येत नव्हतं. कुणी शिकवलं होतं का? सांगा ना, कुणी शिकवलं होतं?" तिच्या बापाने तिच्या कानाखाली वाजवली. तिने गाल चोळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन स्वतःच पाण्यात उतरली.

त्यातून झाला हा पहाटेचा पोहण्याचा क्लब. आधी मासळीच्या गोदामातल्या चार बाया, मग त्यांची पोरं, मग पोरांना न्यायला येणारे बाप. अर्धं गाव आमाच्या हाताखाली हातपाय मारायला शिकलं. आणि नुसतं पोहणंच कशाला? टेबल टेनिसमध्ये ती नातवंडांना दया दाखवत नसे. टीव्हीवर बेसबॉलचा सामना लागला की हातात चप्पल घेऊन बसायची. पंचाने चुकीचा निर्णय दिला की चप्पल पडद्यावर! दोन पडदे फुटले, तरी "डोळे फुटलेत मेल्याचे" हेच चालू.

एका बाबतीत मात्र आमा गावापुढे नमली होती. सातव्या महिन्यात पाण्यात कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही, कारण नाव ऐकलं की भूत ते पाठ करतं म्हणतात. मागून कुणी हाक मारली तर वळून पाहायचं नाही, खांद्याला हात लावायचा नाही. आमा म्हणायची, "भुतं नाहीत गं, पण लोकांच्या डोक्यात आहेत. ती दुखावली तर आया पोरांना पाठवायच्या नाहीत." म्हणून त्या महिन्यात काठावर आल्यावर नावं न घेता आकडेच म्हणायचे. सगळे रांगेत उभे, आमा पहिली, "एक!" असं ठणठणीत ओरडायची, मग पुढचा "दोन", त्याच्या पुढचा "तीन". उतरताना फळ्यावर लिहिलेला आकडा आणि हा आकडा जुळला की मग गूळ घातलेला आल्याचा चहा.

तो फळा स्यूलुआनकडे असे. पाण्यात जायचं नाही ना, मग काठावर बस आणि लिही.

आमा गेली त्याला आज एकोणपन्नास दिवस होत होते. एकोणपन्नासाव्या दिवशी गेलेल्याला निरोप द्यायचा असतो, आणि तो नेमका सातव्या महिन्यात आला होता. क्लबने ठरवलं, सगळ्यांनी खाडीतल्या काळ्या खडकापर्यंत पोहत जायचं आणि त्याच्या पलीकडच्या बाजूला शेवंती ठेवून यायची. फुलं नेणार कोण? आमाची नात, युनफान. वय वर्षं सोळा, आणि स्यूलुआनचं एकुलतं एक लेकरू.

तीन रात्री स्यूलुआनच्या डोळ्याला डोळा नव्हता. नवरा जहाजावर, सांगायचं तरी कुणाला!

"पुढच्या महिन्यात ने ना फुलं," ती लेकीला म्हणाली. "आमा काय पळून जाणार आहेत?"

"आई, एकोणपन्नास म्हणजे एकोणपन्नास. सत्तावन्न नाही."

"दक्षिणेकडे वादळ आहे. लाटा येतायत."

"तिकडे आहे वादळ. इथे नुसतं हलतंय पाणी. आमाने मला याहून वाईट पाण्यात ढकललंय."

"म्हणूनच सांगते! तिथे आमाचा भाऊ... बदली मागतात गं ते. घरातलंच माणूस मागतात."

युनफान हसली. अगदी आजीसारखं, मान मागे टाकून. "आईच्या मागे कायम एक भूत असतं. ते मेलं बदलीवरसुद्धा जात नाही," ती म्हणाली आणि टोपी घालायला लागली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही. स्यूलुआनला फुटलेल्या लाटेत हात दिसत, दोरीत साप दिसे. क्लबातले सगळे तिची थट्टा करत, आणि तीही आता मान खाली घालून हसत असे.

पहाटे पाच वाजता भुरभुर पाऊस होता. धक्क्यावर टेबल मांडलं होतं: उकडलेली अख्खी कोंबडी, तांदळाची दारू, खारवलेली बदकाची अंडी, आमाची बेसबॉलची टोपी. शेजारच्या पत्र्याच्या डब्यात, आमाला तिकडे मिळावा म्हणून, कागदाचा पोहण्याचा तलाव आणि कागदाचा चष्मा जाळला. धूर पावसाने दबला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. रडायला तेवढंच निमित्त झालं.

थिएनसुंगकाका आता क्लबचे म्होरके. सत्तरीचे, जन्म जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर गेलेला, आवाज भोंग्यासारखा. स्यूलुआनने एकेकाला बोटाने मोजलं. तेवीस. पुन्हा मोजलं. तेवीस. फळ्यावर खडूने लिहिलं, त्यातला तीन वाकडा आला.

"वहिनी, तेवीसच आहोत," ग्वेइचू म्हणाली. ग्वेइचू मासळीवाली, तोंडाची तिखट. "भुताला आमची चव नाही आवडत. सगळे म्हातारे, चिवट."

सगळे नारिंगी टोप्या घालून उतरले. युनफानच्या कमरेला फुलांची पिशवी आणि मागे तरंगता फुगा. ती पिशवी दिसत होती तोवर स्यूलुआनने पापणी लववली नाही. मग पाऊस वाढला आणि खडकाजवळ सगळ्या टोप्या सारख्याच दिसायला लागल्या. घोळका खडकामागे गेला. ती बोटांवर सेकंद मोजत राहिली, आणि दोनशेच्या पुढे तिला आकडेच आठवेनात.

घोळका परत निघालेला दिसला, तशी ती उताराच्या कडेला येऊन उभी राहिली.

एकेक जण उतारावरून वर आला. टोप्या, चष्मे, टॉवेलात गुरफटलेली तोंडं, पावसाची झड. थिएनसुंगकाकांनी रांग लावली. आणि मग त्यांचा आवाज फुटला. ते म्हणाले, "चाळीस वर्षं या रांगेत पहिला आकडा आमाचा. आजही तिचाच." टेबलावरच्या टोपीकडे पाहून त्यांनी आमाच्या वतीने ओरडून म्हटलं, "एक!"

रांगेत हुंदका फिरला. काकांनी स्वतःचा "दोन" म्हटला आणि ग्वेइचूने नाक पुसत "तीन". चार, पाच, रडत, नाक ओढत आकडा पुढे गेला. शेवटच्याने म्हटलं, "तेवीस."

"भरला!" काका म्हणाले. "चहा आणा रे!"

फळ्यावरही तेवीस होते. स्यूलुआन टॉवेल घेऊन लेकीला शोधायला निघाली. रांगेत नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत असेल. खोलीत दोन बाया होत्या, युनफान नव्हती. संडासाचं दार उघडं होतं. स्कूटर जागच्या जागी, हँडलला तिचं जाकीट.

"काका, माझी पोरगी कुठंय?"

"असेल गं इथेच. आकडा भरला ना?"

"कुठे दिसत नाही."

"झालं हिचं सुरू," ग्वेइचू चहा ओतत म्हणाली. "अगं, तेवीस गेले, तेवीस आले. पोर आडोशाला रडत असेल आजीसाठी. जरा रडू दे की तिला."

आजवर स्यूलुआनचं प्रत्येक भय खोटं ठरलं होतं. दरवेळी पोर मागून येऊन "भॉ" करायची. आताही येईल. तिने मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. पोर आली नाही. मग तिने बोट उचललं आणि चहा पिणारी डोकी मोजायला सुरुवात केली. सतरा, अठरा. काका धरून बावीस. पुन्हा बावीस. तेव्हा तिला कळलं.

"काका," ती म्हणाली. तिने काकांचा दंड धरून हलवला. "तुम्ही एक म्हणालात तो आमाचा. मग दोन म्हणालात तो स्वतःचा ना?"

"हो... दोन माझा..." काकांचा चहा सांडला. "एक आमासाठी..."

"म्हणजे पाण्यात न गेलेल्या आमाही मोजल्या. मग गेलेले तेवीस, आणि आमा धरून चोवीस! आकडा चोवीस यायला हवा होता, काका! त्याहून एक कमी आलाय. ती एक माझी पोरगी!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. कुणाच्या तरी हातातला पेला धक्क्यावर फुटला.

"मी ऐकलं होतं," एक बाई हळूच म्हणाली. "खडकापासून निघालो तेव्हा. मागून कुणीतरी 'ए, ए' करत होतं. नाव नव्हतं घेतलं. मी... सातवा महिना ना, मी वळले नाही."

"मीही," ग्वेइचू म्हणाली, आणि तिच्या जिभेचा तिखटपणा कुठल्या कुठे गेला. "मी उलट जोरात हात मारले."

म्हणजे लेकरू हाका मारत होतं. आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही म्हणून नुसतं 'ए' म्हणत होतं, आणि शहाणीसुरती माणसं तिच्यापासून लांब पळत होती! स्यूलुआन उताराच्या टोकाला धावली. सगळ्या बंदरासमोर, सातव्या महिन्याच्या पाण्यावर, तिने बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"क्वो युनफान! क्वो युनफान!"

"वहिनी, पूर्ण नाव नको!" कुणीतरी कळवळून ओरडलं.

"ऐकू दे त्यांना! क्वो युनफाऽन!"

पाऊस, लाटा. आणि मग खडकामागून, अगदी बारीक, "आई!"

थिएनसुंगकाका आणि आणखी तिघांनी पाण्यात उड्या टाकल्या. स्यूलुआनने काय केलं ते तिला पुढे नीट आठवलं नाही. कुणाचा तरी फुगा छातीशी धरलेला आठवतो, पायाखालचा उतार संपलेला आठवतो. लाट डोक्यावरून गेली तेव्हा ती मरणाची घाबरली, खारं पाणी पिऊन ओकली, आणि तरी पाय मारत राहिली. खडकापर्यंत काही पोहोचली नाही. अर्ध्या वाटेत काकांनी तिला मागे वळवलं, कारण ते युनफानला घेऊन येतच होते. फुलं ठेवताना फुग्याची दोरी कपारीत अडकली होती. ती सोडवताना पोटरीत गोळा आला, आणि पोर शिंपल्यांनी गुडघे फाडून घेत खडकाला चिकटून बसली होती. ओठ निळे पडले होते.

काठावर स्यूलुआनने तिला टॉवेलात गुंडाळलं, दोन थोबाडीत मारल्या आणि मग इतकं घट्ट धरलं की पोर म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे."

"रांग लावा," स्यूलुआन म्हणाली.

"अगं, आता कशाला? सगळे..." काका म्हणाले.

"रांग लावा! आमा गेल्या, काका. एकोणपन्नास दिवस झाले. आता जिवंत माणसं मोजा."

काका पहिले उभे राहिले. "एक," ते म्हणाले, स्वतःचा. ग्वेइचू "दोन". भिजलेली माणसं एकामागून एक आकडा सांगत गेली. बावीस. आईच्या कुशीतून युनफान म्हणाली, "तेवीस." काकांनी डोळे मिटून हात जोडले.

"चोवीस," रांगेच्या टोकाकडून आवाज आला.

कुणी हललं नाही. सातव्या महिन्यात एक माणूस कमी येणं वाईट, पण एक जास्त येणं! ग्वेइचूने तोंडावर टॉवेल ओढला. काका समोरच बघत राहिले, मान वळवायची त्यांची छाती होईना. स्यूलुआनच्याही अंगावर सर्रकन काटा आला आणि तिने हळूच मागे वळून पाहिलं. मागे रिकामा उतार होता आणि पाणी.

युनफानने तिची ओली बाही ओढली.

"आई," ती म्हणाली, "चोवीस तू म्हणालीस."