फळीवरचा पाय

स्पृहानं चित्र थांबवलं तेव्हा अख्ख्या पडद्यावर आमच्या ह्यांचा अनवाणी पाय होता. काकांनी एकच बूट काढून ड्रमच्या फळीवर पाय का ठेवलाय, असं तिनं विचारलं. हे हसून मान डोलवत राहिले, म्हणजे प्रश्न ऐकूच गेला नव्हता. कुरूप झालंय म्हणून, असं मीच ठोकून दिलं.

नारायण पेठेत तिच्या घरी आम्ही सगळे ह्यांच्या कार्यक्रमाची फिल्म बघायला जमलो होतो. चाळीस वर्षांपूर्वी ह्यांचा कॉलेजात रॉक बँड होता. विश्रांतवाडीत जयंतीच्या कार्यक्रमांना भीमगीतांमागे वाजवत हे बेस गिटार शिकले आणि तिथून या केसाळ मंडळींत जाऊन पडले. मग लग्न, कारखाना, प्रेस मशीन. त्या मशीननं एकतीस वर्षं पगार दिला आणि दोन्ही कान नेले. तक्रार म्हणाल तर एकदाही नाही. माणूसच असा, की त्याच्यावर रागावताही येत नाही.

गेल्या वर्षी बँड पुन्हा जमला. गाणारे आता मोठे वकील, स्पृहाचे वडील. त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, की कुणाला झेपणार नसेल तर आत्ताच सांगा, तरुण पोरं तयार आहेत. ह्यांनी घरी येऊन मला शपथ घातली, की ऐकू येत नाही हे कुणाला सांगायचं नाही. कानयंत्र लावलं की गिटारी स्वयंपाकघरात भांडी पडल्यासारख्या ऐकू येतात, म्हणून हे ते काढून वाजवायचे. ड्रमखालच्या लाकडी फळीवर पाय टेकवायचा, ठोका तळव्यातून वर येतो, त्यावर बोटं चालवायची. दोन तास, अठरा गाणी, एक सूर इकडचा तिकडे नाही. मी पहिल्या रांगेत बसून घामानं भिजले होते.

आता डिसेंबरात दुसरा कार्यक्रम ठरत होता. ही गोष्ट कळली तर ह्यांना घरी बसवणार, एवढंच माझ्या डोक्यात.

"कुरूप नाही, वहिनी," संभाजी म्हणाला. संभाजी ह्यांचा ड्रमवाला. दोन्ही गुडघे गेलेला, बोलायला तिरका. "रामद्याला ऐकू येत नाही. तालमीच्या पहिल्या दिवशीच कळलं मला."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस?

"काय बोलायचं? सभागृहवाल्याला सांगून फळी हातभर पुढं काढून घेतली. तुम्हाला काय वाटलं, ती आपोआप याच्या पायाखाली आली? आणि कॉलेजात माझा ताल पळायचा, तेव्हा हा दर वेळी धरून आणायचा. कधी कुणाला बोलला नाही. आता माझी पाळी."

डॉक्टरनं जिना चढू नको म्हणून सांगितलेला हा माणूस दोन तास त्याच पायानं मोठ्या ड्रमच्या पेडलवर दणादण ठोके घालत होता, ते सगळे ह्यांच्यासाठी होते. मला रडूच आलं. वकीलसाहेब इतकंच म्हणाले, की डिसेंबरात फळी अजून थोडी पुढं घ्या.

हे सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. "काय म्हणतोय संभा?" त्यांनी मला विचारलं. संभाजीनं वर्षभर जपलेली गोष्ट मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितली, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात.

ह्यांनी संभाजीकडे बघितलं. मग खिशातली डबी काढली आणि सगळ्यांदेखत दोन्ही यंत्रं कानांत घातली.

"स्पृहा, पहिल्यापासून लाव," हे म्हणाले. "कसं वाजवलंय, मी अजून ऐकलेलं नाही."