बिनमिठाची पोळी

भिजवलेले काळे मनुके संतरामांनी पातेल्यात ओतले, वर पाणी घातलं आणि गॅस बारीक केला. मनुके फुगले की पळीच्या पाठीनं चेपायचे, पांढऱ्या फडक्यातून गाळायचे आणि तो रस निववून बाटलीत भरायचा. गावच्या ख्रिस्ती देवळातल्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस असाच होत आला होता. रसानंतर पोळीची तयारी. ती मात्र रविवारी पहाटे, ताजी करायची. मीठ घालायचं नाही, तेल लावायचं नाही.

पळी हातात असतानाच फोन वाजला. हिंगोलीहून पाळकसाहेब बोलत होते. विजयकुमार त्यांचं नाव. महिन्यातून एकदा मोटरसायकलवर येत, उपासना घेत आणि दुपारच्या आत परत जात.

"सलाम काका. ठरलं मग ते. उद्याचं प्रभुभोजन आपल्या गावातलं शेवटचं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी इकडंच यायचं."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी, साहेब? म्हाताऱ्या एसटीची पायरी चढत नाहीत."

"गाडीचं बघू काहीतरी." पाळकसाहेबांचा आवाज खाली आला. "काका, एक विचारू? उद्या तरी घेणार का तुम्ही?"

संतरामांनी पातेल्यात पळी फिरवली.

"बघतो," ते म्हणाले.

रस ते करत, पोळी ते करत, सतरंज्या तेच अंथरत. पण प्रभुभोजन ते घेत नसत. भोजनाआधी जो पाठ वाचला जातो, त्यात स्पष्ट सांगितलेलं होतं की ज्याच्या मनात भावाविषयी किल्मिष असेल त्यानं आधी समेट करावा आणि मगच पुढं यावं. बाकीची मंडळी ते ऐकून मान खाली घालत आणि पुढं येत. संतराम औंढ्याच्या एका वाचनालयात जन्मभर पुस्तकं सांभाळलेला माणूस. छापलेलं वाक्य ते शब्दशः मानत.

किल्मिष सोनाजीविषयीचं होतं. एका ईस्टरला शास्त्रपाठ वाचायचं काम संतरामांकडं आलं होतं. रात्ररात्र घोकूनही उभे राहिल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले, ओळ सुटली, सापडली, पुन्हा सुटली. मागं बसलेला सोनाजी गवंडी उठला, त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि खणखणीत आवाजात उरलेला पाठ वाचून टाकला. कुणीतरी हसलं. पाठ संपेपर्यंत संतराम रिकामे हात घेऊन तिथंच उभे होते, कारण जागेवर जाऊन बसावं हेसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांनी देवळात मोठ्यानं काही वाचलं नाही. सगळे पुढं जाऊन गुडघे टेकत तेव्हा ते पेल्यांचं ताट धरून बाजूला उभे राहत. शेवटी पाळकसाहेब त्यांच्याकडं वळले की छातीवर हात ठेवून ते हळूच मान हलवत. मी लायक नाही, असा त्याचा अर्थ. काही वर्षांनी सोनाजीच यायचा बंद झाला. त्याची बायको आशाबाई तेवढी एकटी येत राहिली. तरीही संतरामांची मान हलायची थांबली नाही.

आपलं बरोबर आहे की चूक, हे विचारायला घरात माणूस नव्हतं. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रियदर्शनी पुण्याहून फोन करी, पण लेकीला असलं काय विचारायचं? संध्याकाळी ते ट्रंकेतलं एखादं पुस्तक काढून बसत, पानं उलटत, आणि कधीकधी आपला आवाज शाबूत आहे का ते पाहावं म्हणून दोन ओळी भिंतीला वाचून दाखवत.

त्या छोट्या देवळात त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, लग्न लागलं होतं, बायकोची शवपेटी तिथूनच उचलली होती. ते दार बंद व्हायच्या आधी एकदा तिथं गुडघे टेकावेत, असं त्यांना फार वाटत होतं. त्यासाठी सोनाजीकडं जायला हवं होतं. रस गाळता गाळता त्यांनी वाक्य जुळवलं. 'झालं गेलं सोडून देऊ' हे फारच हलकं वाटलं. शेवटी एक पक्कं केलं. सोनाजी, मी तुला क्षमा केली.

उन्हं कलल्यावर ते निघाले. वाटेत मैदा घ्यायला गुलाम नबीच्या दुकानात थांबले.

"आव चाचा," गुलाम नबी तराजू पुसत म्हणाला. "कालच मनुके नेले, आज मैदा. उद्या दावत दिसती तुमची."

"दावत कसली. नेहमीचंच."

"एक पुछू का, राग नका मानू. तुमी बनवता समदं, पन खात न्हाई म्हनं?"

"कोणी सांगितलं?"

"घ्या! साऱ्या गावाला मालूम हाय. आमचे अब्बा तं म्हनायचे, रोजा असावा तं संतरामसारखा. ह्याची ईदच येत न्हाई."

दुकानात बसलेली दोन माणसं हसली. संतरामांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वाईट वाटलं, असं मात्र नाही. पुडी पिशवीत ठेवून ते बाहेर पडले तेव्हा त्यांची चाल जरा ताठ होती.

सोनाजीचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात उकडून वाळवलेली हळद पसरली होती. सोनाजी बाजेवर बसून सुपातली हळकुंडं निवडत होता. पायांनी त्याला केव्हाच सोडलं होतं. गवंडीकाम करणारे ते रुंद हात आता पिवळेधमक झाले होते.

"या संतरामभाऊ," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाला पाहून त्याला नवल वाटल्याचं दिसलं नाही. "आशे, चहा टाक. देवळाचे कारभारी आलेत."

संतराम स्टुलावर बसले. पिशवी मांडीवर घेतली. सोनाजीनं एक हळकुंड मोडून पाहिलं आणि बाजूला टाकलं.

"ऐकलं की कुलूप लागून राह्यलं उद्या."

"कुलूप नाही. हिंगोलीला जायचं सगळ्यांनी."

"मंग कुलूपच की."

आशाबाईंनी चहा आणून दिला आणि त्या दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. संतरामांना वाटलं होतं, सोनाजी एकटा असेल. कप खाली ठेवून त्यांनी घसा साफ केला.

"सोनाजी, मी तुला क्षमा केली."

सोनाजीनं सूप बाजूला सारलं.

"कशापायी?"

"ते... पुस्तकाचं. ईस्टरचं."

"व्हय व्हय. ते." सोनाजीनं मान डोलावली. "तुमचे हात थरथर करून राह्यले व्हते. पानाचा आवाज मागल्या भिंतीपोतर येऊन राह्यला व्हता. म्या म्हनलं, भल्या मानसाची फजिती काहून व्हऊ द्या? म्हनून उठलो. चुकलंच ते. मला काय समजतंय, गवंडी मानूस. भित झुकली की हात लावायचा, यवढंच ठावं."

संतरामांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत धरले.

"दुसऱ्याच दिवशी यनार व्हतो तुमच्याकडं. ही म्हनली, राहू द्या, दोन दिस जाऊ द्या. मंग तो रविवार आला. समदे गुडघ्यावर, अन् तुमी ताट घिऊन हुभे. साहेब तुमच्याकडं वळले अन् तुमी मान हलवली." सोनाजीनं छातीवर पिवळा हात ठेवला आणि हळूच मान हलवली. अगदी तशीच. "तवा समद्यांनी माझ्याकडं बघितलं."

"मी तुझ्याकडं पाहिलं नव्हतं सोनाजी."

"तुमी काहून बघताल? तुमचे डोळे खालीच. बघनारे दुसरे व्हते. अन् ते एकच बार न्हाई. दर महिन्याला. तुमी दोन शिव्या घातल्या असत्या तं म्या पाय धरून मोकळा झालो असतो. पन तुमी मान हलवायचे."

"अहो, राहू द्या ना आता," आशाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या.

"राहूच देलं की आजपोतर." सोनाजीनं सूप पुन्हा ओढलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "भाऊ, तुमी तुमचं प्रभुभोजन सोडलं. आपल्या मनानं सोडलं. माझं सुटलं."

चहावर साय धरली होती. संतरामांनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. घरून आणलेलं वाक्य बोलून झालं होतं, दुसरं त्यांच्याजवळ नव्हतं. मग ते म्हणाले,

"उद्या येशील? मी गाडी सांगतो कुणाची."

"न्हाई." सोनाजी हळकुंडांकडं बघत होता. "आता कोन उचलून नेल अन् कोन बसंल. तुमी घ्या उद्या. न्हाई तं पुन्हा म्हनतेत लोकं, सोनाजीपायी राह्यलं."

परत येताना दुकानापाशी गुलाम नबीनं "चाचा" म्हणून हाक मारली. संतरामांनी ती ऐकली नाही, निदान तसं दाखवलं. घरी येऊन दिवा न लावता ते खाटेवर बसले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी छातीवर ठेवलेला तो हात त्यांनी अंधारात उलटा-सुलटा करून पाहिला. रात्रभर त्यांना नीट झोप आली नाही. पहाटे उठून मैदा मळताना कशात लक्ष नव्हतं. तवा तापला, पोळी भाजली, सुरीनं बारीक चौकोनी तुकडे पाडले, पांढऱ्या रुमालात झाकले आणि ते निघाले.

देवळात नेहमीचीच माणसं होती. बहुतेक बायका, दोन म्हातारे. आशाबाई एकट्या आल्या होत्या. पाळकसाहेबांनी शेवटचं म्हणून वेगळं काही केलं नाही. गीत झालं, पाठ झाला, समेटाचं ते वाक्यही झालं. मग मंडळी पुढं येऊन गुडघ्यांवर बसली. पाळकसाहेब एकेकाच्या तळहातावर तुकडा ठेवत गेले. इथली रीत अशी की तुकडा हातात धरून थांबायचं आणि सगळ्यांना पोचला की एकदम खायचा.

रांग संपली. पाळकसाहेब ताट घेऊन मागं फिरले. संतरामांकडं त्यांनी पाहिलंही नाही. ती मान पुन्हा हललेली बघायला नको म्हणून की काय, ते तसेच पुढं गेले आणि ताटावर रुमाल टाकायला लागले.

"साहेब," संतराम म्हणाले.

पाळकसाहेबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी पेल्यांचं ताट टेबलावर ठेवलं, पेले किणकिणले, आणि सगळी डोकी वळली.

"साहेब, मला."

एका हातानं भिंत धरत ते रांगेच्या टोकाला गुडघ्यांवर बसले. शेजारी आशाबाई होत्या. संतरामांनी तळहात पुढं केला. तो थरथरत होता, आणि या वेळीही सगळे पाहत होते.

पाळकसाहेबांनी रुमाल उचलला. ताट रिकामं होतं.

तेव्हा संतरामांच्या लक्षात आलं. तुकडे त्यांनीच मोजून पाडले होते, नेहमीसारखे, स्वतःला सोडून. पाळकसाहेबांनी ताट किंचित तिरकं करून पाहिलं, जणू कडेला एखादा असेल. रांगेत कुणीतरी खाकरलं. पुढं केलेला हात मागं घ्यावा की तसाच ठेवावा, हे संतरामांना कळेना. तो तसाच राहिला.

आशाबाईंनी आपल्या तळहातावरचा तुकडा चिमटीत धरला. नखाएवढा तो, नीट मोडेना. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी तो मोडला आणि अर्धा संतरामांच्या हातावर ठेवला.

"घ्या भाऊजी."

पाळकसाहेबांनी शब्द उच्चारले. मंडळींनी खाल्लं. संतरामांनीही खाल्लं. पोळी मधे कच्ची राहिली होती आणि दाताला चिकटत होती. आपण करतो ती पोळी अशी लागते, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. कुणी कधी बोललंही नव्हतं.

मग रसाचे पेले फिरले आणि उपासना संपली. बायका उठून एकमेकींना सलाम करत होत्या, डोळे पुसत होत्या. आशाबाई अजून गुडघ्यांवरच होत्या. त्यांची एक मूठ मिटलेली होती, ती तोंडाकडं गेलीच नव्हती. त्यांनी पदराचं टोक पुढं घेतलं, मुठीतलं त्यात ठेवलं आणि गाठ मारली. मग कमरेवर हात ठेवून सावकाश उठल्या.

पाळकसाहेबांनी ते पाहिलं. प्रभुभोजनातलं काही आपण होऊन कुणी घरी न्यायचं नाही, असा नियम होता, आणि आजवर तो पाळून घेत आले होते ते संतरामच. सतरंजीवर पडलेला कणसुद्धा ते वेचून घेत. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं.

संतराम पेले गोळा करत होते. बाटलीच्या तळाशी थोडा रस उरला होता. त्यांनी टोपण घट्ट लावलं, बाटली फडक्यानं पुसली आणि दाराशी टेकवलेल्या आशाबाईंच्या पिशवीत उभी ठेवली. मग ते सतरंज्यांच्या घड्या घालायला वळले.