तुळशीखालची गळती

भिमाबाईच्या घरातला नळ विड्या वळून साठवलेल्या पैशातून आलेला. आमच्या गल्लीत बौद्धाच्या घरात आलेला तो पहिला नळ. एकोणऐंशीच्या दसऱ्याला त्याची धार करंगळीएवढी झाली आणि शेजारच्या कारभारीच्या ओट्याखाली वर्षभर मुरणारं पाणी बाहेर वाहायला लागलं.

पाणीखात्याचा साहेब बघून गेला. "मेन लाइनपासून घरापर्यंतचा पाइप तुमचा. दुरुस्ती तुम्हीच करायची. दिवाळीपर्यंत नाही केली तर कनेक्शन तोडू."

"करते की, साहेब. पण पाइप ह्यांच्या ओट्याखाली आहे."

"ते तुमचं तुम्ही बघा."

पाइप आधी पडला होता. ओटा कारभारीनं नंतर गल्लीत पुढं सरकवून बांधला, वर तुळस लावली. त्याची बायको सिंधुबाई म्हणाली, "लग्न लागेपर्यंत तुळस हलवत नाहीत. आणि तू तर हातही लावू नको."

तुळशीचं लग्न दिवाळीनंतर. तोवर नळ गेलेला असणार.

भिमाबाई भांडली नाही. तिनं वाल्मीक प्लंबरला बोलावलं आणि रस्त्यावरचा आपला कॉक बंद करून घेतला. स्वतः चौकातल्या नळावरून हंडे आणू लागली.

कारभारी हसला. "स्वतःचाच नळ बंद केलास होय गं?"

"मला सवय आहे," ती म्हणाली.

ओटा सुकला. सिंधुबाई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची, पण तुळशीची मुळं खाली ओलीला गेलेली. आठवड्यात पानं माना टाकू लागली. लग्न तोंडावर, आणि नवरी वाळत चाललेली. वर्षभर तुळस कुणाचं पाणी प्यायली, ते सिंधुबाईला तेव्हा कळलं. ह्या सोवळ्याची मला चीड येते. पाणी चालतं, हात चालत नाही.

धनत्रयोदशीला ती दारात आली. "भिमाबाई, पाणी सोड गं."

"सोडते. ओटा फोडा."

कारभारीनं पहार घेतली. तुळस मुळांच्या मातीसकट उचलायची होती. माती जड, सिंधुबाईला एकटीला पेलेना.

"बघत काय उभी राहिलीस? धर की तिकडून!" सिंधुबाई भिमाबाईवर ओरडली.

भिमाबाईनं धरली.

खाली ओट्याच्या पायाचा दगड पाइपावरच बसवलेला, पाइप त्याच्याखाली चेपून फुटलेला. वाल्मीकनं कारभारीकडे पाहिलं. कारभारीनं पहार ठेवली, सायकल काढली आणि तो पाइपाचा नवा तुकडा आणायला गेला.

लग्न लागलं. ओटा पुन्हा बांधला, पण पाइपाच्या अलीकडे, घराकडं मागं सरकवून.