शेंगदाण्याचा डाग

मी लोखंडाची एक काळी कढई आहे आणि माझ्या पोटात नेहमी वाळू असते. मित्रांनो, वाळू कोणी खात नाही, हे मलाही ठाऊक आहे. ती हरभऱ्यांसाठी आणि शेंगदाण्यांसाठी असते. नुसत्या तापल्या लोखंडावर हरभरा जिथे टेकतो तिथेच करपतो. गरम वाळूत बुडाला की त्याला सगळ्या बाजूंनी सारखी धग लागते, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि टरफल तडकतं. हा आवाज मी किती वर्षं ऐकते आहे, तरी दर घाण्याला वाटतं, बघू, आज पहिला कोण फुटतो!

माझा पत्रा मूळचा गुऱ्हाळातल्या काहिलीचा. उसाचा रस आटवता आटवता ती काहील एका बाजूने फुटली, तेव्हा पणदऱ्याच्या एका लोहाराने तिचा धड राहिलेला तुकडा ठोकून मला घडवलं. बिबीजान तेव्हा नवी नवरी होती. काटेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका शाळेच्या फाटकासमोर तिने भट्टी घातली आणि मला तिच्यावर चढवलं. छोट्या सुट्टीची घंटा झाली की पोरं सुटायची ती थेट माझ्याकडे. आज जे आजोबा नातवाला शाळेत सोडायला येतात, त्यांनीही माझे फुटाणे खाल्ले आहेत.

मग शेजारच्या टपरीवर चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. पोरं तिकडे वळली. कधी कधी दुपारपर्यंत माझी वाळू गारच असायची. मला राग आला नाही, पण कुतूहल मात्र वाटायचं. एवढी फुगलेली पुडी, मग आत मूठभरच कसं?

यंदा शाळेने ठरवलं, की फाटकासमोर तेलकट खाऊ विकायचा नाही. विज्ञान शिकवणाऱ्या इंदिराबाईंनी सहावीच्या वर्गाला कसोटी दिली. खाऊ कागदावर घासायचा आणि कागद उजेडात धरायचा. तेलाचा डाग पडला तर तो पदार्थ बंद.

बिबीजानची नात झोया सहावीतच होती. शाळा सुटल्यावर ती वर्गातल्या स्वानंदला घेऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली. वेफर चुरून घासला, मोठा डाग पडला. बिस्किटाचाही पडला. फुटाण्याचा अगदी पुसट. मग झोयाने एक अख्खा शेंगदाणा दोन बोटांनी अलगद फिरवला.

"बघ, काय बी न्हाय!"

"वेफर चुरलास, बिस्कीट चुरलंस," स्वानंद म्हणाला. "दाण्याला का गं गोंजारतीस? दादीचा हाय म्हणून?"

"गप ए. तुला फुकटचे दाणे मिळतात ते बंद करीन."

"कर बंद. पण आधी चूर."

झोयाने दगडाने दाणा ठेचला आणि घासला. कागद उजेडात धरला, तर पलीकडचं स्वानंदचं नाक दिसलं. सगळ्यांत मोठा डाग आमच्याच शेंगदाण्याचा होता. तिने घाईने कागदाची घडी केली.

बिबीजान वाळू चाळत होती. "काय लपवलंस गं?"

"दादी, आपला शेंगदाणा नापास झाला."

बिबीजान इतकी हसली, की हातातली चाळणी सांडली. "आगं, दाण्यात तेल न्हाय तर घाण्यातनं काय पाणी निघतं व्हय?"

"पण मग आपल्याला हितनं उठवतील."

हसू थांबलं. फाटक सुटलं तर भट्टी मोडायची, हे तिला कळत होतं. तिचे गुडघे आता दारोदार फिरण्यासारखे राहिले नव्हते. मीही ऐकत होते. भट्टी मोडली तर कढईने जायचं कुठे?

"कागद बाईंना दे," ती शेवटी म्हणाली. "खोटं लिहून मला हितं बसवू नगंस." मग चाळणी उचलता उचलता पुटपुटली, "कागदाला इचारलंस. पोटाला इचारलंस का?"

रात्रभर ते वाक्य झोयाच्या डोक्यात राहिलं असावं. सकाळी फाटकातच तिने बाईंच्या हातात कागद दिला आणि भीतभीत तोच प्रश्न विचारला. बाईंनी डाग बराच वेळ पाहिला.

"डाग फक्त तेल आहे एवढंच सांगतो," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याच्या जोडीला आणखी काय आहे, ते सांगत नाही. माझी कसोटी अपुरी पडली. मग तू काय मोजशील?"

"भूक!" झोया म्हणाली.

दोन दिवस मोजणी चालली. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाने वेफर खाल्ले, उरलेल्यांनी तेवढ्याच वजनाचे फुटाणे आणि दाणे. ज्यांना दाणे सोसत नाहीत, त्यांना नुसते फुटाणे. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पुन्हा भूक लागली, की प्रत्येकाने वेळ लिहायची.

"मला दोन्ही दिवशी तासाभरातच लागली," स्वानंदने जाहीर केलं.

"तुला जेवतानाबी लागते," झोया म्हणाली.

तीस मुलांपैकी बावीस जणांना फुटाणे-दाणे जास्त वेळ पुरले. तिघांना फरक वाटला नाही. पाच जणांचं उलटं झालं.

"त्या पाचांचं पण लिही," बाई माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या. "एका वर्गावरून जगाचं सांगता येत नाही. पण फुटाण्यात प्रथिनं असतात, चोथा असतो. पोटाला त्यांच्यावर जास्त वेळ काम करावं लागतं, हे याच्याशी जुळतं." मग त्यांनी चार फुटाणे तोंडात टाकले. "बिबीजान, तुम्ही इथेच बसा. पण मीठ फार आहे हो."

"फार? पोरास्नी असंच आवडतं!"

"म्हणूनच म्हणते."

बिबीजान फुरंगटली. तरी दुसऱ्या दिवशी हरभरे भिजवायच्या पाण्यात तिने निम्मंच मीठ टाकलं. पोरांनी नाकं मुरडली. तिने स्वतः एक मूठ घेतली, बराच वेळ चावली आणि म्हणाली, "आरं, आता हरभरा लागतोय की!"

मित्रांनो, मी साधी कढई. मला कोरडं ठेवलं नाही तर मी गंजते, एवढीच माझी तक्रार. तुमचं पोट मात्र गंजत नाही, बोलत नाही, मुकाट्याने सोसतं. म्हणून खाऊ हातात आला की आधी त्याला विचारा, तुझ्यात काय आहे आणि तू मला किती वेळ पुरशील? आणि उत्तर आपल्याच घरच्या खाऊच्या विरुद्ध गेलं, तरी त्या कागदाची घडी करू नका.