उष्टं ताट

सुरैय्याबाईंनी दोन कागद चारुताच्या टेबलावर ठेवले, पण खुर्चीत काही टेकल्या नाहीत. पनवेलच्या बाजारात त्यांची रक्त तपासायची लहानशी लॅब. तिथलं मशीन चारुताच्या कंपनीचं.

"बघ बेटा. काल लागोपाठ दोघांचं रक्त लावलं. दोघांचं पोटॅशियम दोन पॉइंट सहा. सख्ख्या जुळ्यांचंही असं जुळायचं नाही."

पहिला रिपोर्ट शिरढोणच्या एका बाईचा. जुलाबांनी गळून गेलेली, तिचं पोटॅशियम उतरणारच. दुसरा आपट्याच्या जमालमामूंचा.

"मामूंची किडनी कमजोर. त्यांचं चढायला हवं, उतरेल कशाला? डॉक्टरांनी रिपोर्टवर विश्वास ठेवून वाढवायचं औषध दिलं. सकाळचा डोस पोटात गेला, दुसरा संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर. मुळात चढलेलंच असेल तर काळीज बंद पडेल गं! डॉक्टर म्हणतात, मशीन चुकलं असं कंपनी म्हणते का? आणि तुमचे साहेब फोनवर म्हणतात, मशीन चुकत नाही."

"काल मध्ये लाइट गेली होती?" चारुताने हलकेच विचारलं.

"गेली की. मामूंचं रक्त लावलं आणि गेली. मशीन बॅटरीवर जाऊन आपोआप बंद झालं. लाइट आल्यावर बघते तर रिपोर्ट हजर!"

चारुताने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. अर्धवट तपासणीचा रिपोर्ट हजर?

मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुवा म्हणजे ड्रायव्हर. तो प्रोग्रॅम तिच्या हातचा. बंद होताना काय करायचं, हे तिने पंगत उठवावी तसं बसवलं होतं. आधी दार लावायचं, नवं कुणी आत घ्यायचं नाही. रांगेत थांबलेल्यांना स्पष्ट सांगायचं, आज जमत नाही, पुन्हा या. पानावर बसलेल्याचं जेवण होईपर्यंत थांबायचं. थांबणं शक्यच नसेल, तर जेवण अपुरं राहिलं असं कबूल करायचं. सगळ्यांना उत्तर मिळालं, की मगच दिवा मालवायचा.

तिने प्रोग्रॅम उघडला. तिच्या ओळी कुणीतरी पुसल्या होत्या.

"निनाद, हे तू केलंस?"

शेजारच्या टेबलावरून निनादने मान वर केली. "सरांनीच सांगितलं. डेमोला मशीन बंद व्हायला वेळ लागायचा, गिऱ्हाईक घड्याळ बघायचं. म्हणून बंद होताना जे काही अडकलेलं असेल, त्या सगळ्यावर 'पूर्ण झालं' मारून टाकतो. फटकन बंद होतं. बंद झाल्यावर कोण बघतंय?"

"आणि आकडा कुठून येतो?"

"त्या जागी जो असेल तो." तो जरा घुटमळला. "आधीचा."

चारुताला शिसारी आली. एकाच्या जेवल्या ताटात दुसऱ्याला बसवायचं, वर त्याला सांगायचं, तू जेवलास! देवापुढे ठेवायचं फूलसुद्धा हुंगू नये, अशा घरात वाढलेली ती. आणि इथे तिच्याच हातच्या कामात जुलाबाने हैराण बाईचं उष्टं एका आजारी म्हाताऱ्याला वाढलं होतं.

तेवढ्यात इंद्रजीत सर केबिनमधून वडा चघळत बाहेर आले. तेलकट बोटाने त्यांनी रिपोर्ट स्वतःकडे सरकवला. मामूंच्या नावावर डाग उमटला.

"अहो बाई, एवढं काय त्यात? परत रक्त घ्या. किट आमच्याकडून फ्री." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चारुता, गिऱ्हाइकासमोर काही बोलायचं नाही. आपण आतल्या आत बघू."

"आतल्या आत बघेपर्यंत औषध मामूंच्या आत जाईल, सर."

"तू जपजाप्य करणारी बाई, तुला कशाला ही भानगड? लेखी काही गेलं, तर बाकीच्या लॅबमधली मशीनंही परत येतील."

"येऊ देत." आवाज तिचा नेहमीचाच, शेजारच्या टेबलापलीकडे न जाणारा. "सुरैय्याबाई, डॉक्टरांना फोन लावा."

सुरैय्याबाईंनी फोन लावून तिच्या हातात दिला. तो काढून घ्यायला सरांनी हात पुढे केला. त्या तेलकट बोटांकडे बघूनच ती मागे सरली. अंगाला अंग लागू नये इतकी किळस तिला आजवर कुठल्या माणसाची आली नव्हती.

"डॉक्टर, मी चारुता. या मशीनचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. काल लाइट जाऊन मशीन बंद झालं, तेव्हा जमालमामूंची तपासणी अर्धवट राहिली. कागदावरचा आकडा त्यांचा नाही, आधीच्या पेशंटचा आहे. हो, लेखी पाठवते. आत्ताच."

डॉक्टरांनी आपट्याला फोन लावला. संध्याकाळी मामूंना पनवेलला आणलं, दुसरीकडे रक्त तपासलं. सुरैय्याबाईंचा फोन आला तेव्हा चारुता ऑफिसच्या बेसिनपाशी उभी होती.

"चढलेलं निघालं गं, बरंच. ठेवून घेतलंय, पण बोलतायत. नर्सला म्हणतात, 'सकाळपासून छातीत कबुतर फडफडतंय, त्याला दाणा टाका.'" सुरैय्याबाई हसल्या, मग रडल्या. "दुसरा डोस गेला असता तर..."

चारुताने पुन्हा हात धुतले. तो कागद हाताळला होता, तेलाचा वास जाईना.

टेबलाशी येऊन तिने आपल्या ओळी परत घातल्या, आणि एक नवी: बंद होताना उत्तराची जागा आधी धुऊन टाकायची. चाचणीच्या मशीनमध्ये तिने रक्ताऐवजी मिठाचं पाणी लावलं आणि मध्येच वायर उपटली.

मशीन घुटमळलं. मागे इंद्रजीत सर घड्याळ बघत उभे होते.

"किती वेळ घेतंय बघ," ते म्हणाले.

पडद्यावर अक्षरं उमटली: तपासणी अपुरी. रक्त पुन्हा घ्या. मग पडदा विझला.

"घेऊ दे," चारुता म्हणाली आणि मागे न बघता बाकीच्या लॅबना पत्र लिहायला बसली.