पाणी पी आधी

नेमकं तेव्हाच सगळं थिएटर हसलं.

पडद्यावर रामजी विहिरीच्या काठावर उभा होता. डोक्याला मुंडासं, अंगात कुणाचीतरी बंडी, हातात तांब्याची कळशी. कित्येक वर्षांनी मुंबईहून गावी आलेला सिनेमाचा नायक त्याला स्वतःच्याच घराची वाट विचारत होता. रामजीचे ओठ हलले आणि हशा-टाळ्यांचा असा गलका झाला की सुंदराबाईला आपल्या नवऱ्याचा एक शब्द ऐकू आला नाही.

"काय बोल्ला गो तुझा बापूस?" तिनं शेजारी बसलेल्या लेकीला विचारलं.

दर्शना ओढणीनं डोळे पुसत होती. "तेच गो आये. घरी बोलायचे तेच."

"मी नाय आयकलं."

"परत येऊ," दर्शना म्हणाली. तिनं पडद्यावरची नजर काही काढली नाही.

सिनेमा पन्नास वर्षांपूर्वीच्या कोकणातला होता. चुलीवरची पेज, मनिऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन, कंदील, जे जे पडद्यावर येईल त्याला रत्नागिरीची माणसं रडत होती. कंदिलाला रडणारं माणूस सुंदराबाईनं आजवर पाहिलं नव्हतं. घरात लाईट आली त्या दिवशीच तिनं कंदील माळ्यावर फेकला होता. पलीकडच्या खुर्चीतल्या बाई नाक ओढत दर्शनाला म्हणाल्या, "किती साधी माणसं होती ना तेव्हा!" दर्शनानं मान हलवली.

विहीर खरी होती, त्यांच्याच गावातल्या वरच्या वाडीची. बौद्धवाडी कुठली आणि वरची वाडी कुठली, हे सिनेमावाल्यांना काय ठाऊक? त्यांना रामजीचा चेहरा आवडला, त्यांनी त्याला विहिरीवर उभा केला. रामजी पोरवयाचा होता तेव्हा त्याच्या बौद्धवाडीला त्या विहिरीच्या पायरीला शिवायची सोय नव्हती. खाली ओंजळ धरून थांबायचं, वरून कुणाला दया आली तर पाणी पडायचं. शूटिंग बघायला वरची वाडी झाडून जमली होती. कुणी चकार शब्द काढला नाही. शूटिंगच होतं ना ते.

रामजीच्या वाट्याला एवढंसं बोलणं आलं होतं, पण त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. न्हाणीत, अंगणात, तोंडात भाताचा घास असताना तेच चालू. "पानी पी आदी. घर कुटं पळून जात नाय, लेका." त्यातला 'लेका' त्याच्या पदरचा. डायरेक्टरनं सांगितलं, तो शब्द कागदावर नाही, गाळा.

"मी घालनार," रामजी घरी येऊन म्हणाला. "सिनेमातला पोरगा वरच्या वाडीतला. तसल्या पोराला जन्मात कदी लेका म्हनलो नाय. आता म्हनतो."

पुढं पावसाळा सरतासरता त्याच्या घशात गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला. उरलेले दिवस त्यानं हातवारे करून काढले आणि गेल्या वर्षी आंबेडकर जयंतीच्या तोंडावर तो गेला. घरात त्याचे फोटो होते, आवाज कुठंच नव्हता. साध्या बटणांच्या फोनवर कोण कशाला आवाज साठवून ठेवतो?

तो गेला तेव्हा सुंदराबाई रडली नाही. तिचा जन्म काजूच्या कारखान्यात गेला होता. बियांच्या तेलानं बोटं अशी मेली होती की उकळत्या चहाचा पेला धरला तरी चटका बसत नसे. आता आतूनही तसंच झालंय, असं तिला वाटे. त्याचं बोलणं आठवे, पण कुठल्या आवाजात ते आठवत नसे, आणि याची तिला भीती वाटे. सिनेमा लागणार हे कळल्यापासून तिला एवढंच हवं होतं, एकदा तो आवाज ऐकायचा.

सिनेमाच्या शेवटी विहिरीचा प्रसंग पुन्हा दाखवला, पण तोवर लोक उठले होते. तिला नुसत्या पाठी दिसल्या.

बाहेर एक मुलगी माइक घेऊन उभी होती. वरच्या वाडीतला केरू तिच्यासमोर हुंदके देत होता. "काय सांगू ताई, आमचं बालपनच डोल्यासमोर हुभं ऱ्हायलं. गाव कसा येका घरासारखा होता!" मग त्याला सुंदराबाई दिसली. "वहिनी, आमच्या रामजीनं काय पानी पाजलान! जुनं दिवस आठावलं बगा."

केरूची आई पाणी वरून ओतायची आणि ओतता ओतता शिव्या द्यायची. सुंदराबाईला राग यायला हवा होता. आला नाही.

"होय केरूभाऊ," ती म्हणाली.

मुलीनं माइक पुढं केला. "आजी, कसा वाटला पिक्चर?"

"बरा हाय."

रविवारी दोघी पुन्हा आल्या. यावेळी हशा झाला नाही, त्याहून वाईट झालं. तोवर रामजीचं बोलणं मोबाइलवर घरोघर पोचलं होतं. ओठ हलायच्या आधीच सगळं थिएटर एका सुरात ओरडलं, "पाणी पी आधी! घर कुठं पळून जात नाय!" 'लेका' कुणीच म्हणालं नाही. गोंगाटात लोकांना ऐकू आला नसेल, असं तिला वाटलं. परतताना एसटीचा कंडक्टरही एका उतारूला तेच म्हणाला आणि सगळी गाडी हसली. रामजीचं बोलणं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, फक्त रामजीच्या तोंडचं ते तिला मिळत नव्हतं.

"आये, पुरे आता," दर्शना म्हणाली. "पायलास ना त्यांना?"

"पायला. आयकायचा ऱ्हायला."

सिनेमा उतरायच्या आदल्या दिवशी ती हट्टानं दर्शनाला घेऊन दुपारच्या खेळाला आली. थिएटर ओस पडलं होतं. विहीर आली. रामजी आला. ओठ हलले.

आवाज भरदार होता, गोड होता, रेडिओवरच्या माणसासारखा. रामजीचा नव्हता.

सुंदराबाई लेकीकडं वळली. म्हणाली, "ह्यो तुझा बापूस नव्हं."

दर्शनाचा चेहरा पडला. "आये, सिनेमावाल्यांचा फोन आलेला. आवाज मुंबईत परत भरायचा होता. तवर बाबांचं ऑपरेशन झालेलं. मग त्यांनी दुसरा मानूस घेतला."

"मना का नाय सांगितलंस?"

"बाबांनीच हात हलवलान. आयेला नको सांगू म्हनून. तू सिनेमाची वाट बगत होतीस ना."

सुंदराबाई पुन्हा पडद्याकडं वळली. आता रडू येईल असं तिला वाटलं, तिनं वाट पाहिली, ते आलं नाही. पडद्यावर पोस्टमन आला, कंदील लागला, कुणाचं तरी लग्न झालं. दर्शना एकदा म्हणाली, "जाऊया?" तिनं मान हलवून नाही म्हटलं.

शेवटी विहीर पुन्हा आली. आज पुढं कुणाची पाठ नव्हती. रामजीचा चेहरा पडदाभर झाला. तो परका आवाज म्हणाला, "पाणी पी आधी. घर कुठं पळून जात नाय." आणि थांबला.

रामजीचे ओठ थांबले नव्हते. आवाज संपल्यावर ते आणखी एकदा हलले, नीट, सावकाश, घरी हलायचे तसे. डायरेक्टरचं न ऐकता त्यानं तो शब्द घातला होता.

"लेका," सुंदराबाई मोठ्यानं म्हणाली.

दर्शनानं वळून आईकडं पाहिलं. सुंदराबाई पडद्याकडं बघत होती. तिथं वरच्या वाडीचा मुलगा ओंजळ धरून वाकला होता, आणि रामजी वरून पाणी ओतत होता.