पैलवान आणि मुंगी

पैलवान कधी आखाड्यात उतरले नव्हते. उभी हयात त्यांनी लोकांची घरं हलवण्यात घालवली. दोघातिघांना न पेलणारं कपाट ते पट्टा खांद्यावर टाकून जिन्यावरून असं उतरवायचे, की भिंतीला ओरखडा नाही आणि आरशाला तडा नाही. सामानाच्या गाडीवरच्या सोबत्यांनी कौतुकाने ठेवलेलं नाव असं चिकटलं, की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

असा हा माणूस स्वतःच्या नातीला उचलून घेत नव्हता.

नात सात महिन्यांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बापाने तिला मुंगी म्हटलं. आता मांड्यांना वळ्या पडल्या होत्या, तरी नाव तेच. थंडीच्या दिवसांत पैलवान काम सोडून मुलीकडे राहायला आले. "ओझी वाहायचा कंटाळा आला आता," एवढंच त्यांनी सांगितलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकट्याने राहण्यात काही राम नव्हता. मुलीला वाटलं, आजोबा घरात आले, आता पोरीचा पाय जमिनीला लागायचा नाही. पण कसचं काय! मुंगी रडायला लागली की पैलवान खुळखुळा वाजवायचे, तोंडाने इंजिनाचे, बदकाचे, गळक्या नळाचे आवाज काढायचे, तिचे लंगोट धुऊन वाळत घालायचे. मात्र "बाबा, घ्या ना जरा हिला," म्हटलं की त्यांना काहीतरी आठवायचं. कधी सर्दी झालेली असायची, कधी हात तेलकट असायचे, कधी ते नुकतेच धुळीतून आलेले असायचे. सुरुवातीला मुलगी हसायची. पुढे तिने म्हणणंच सोडून दिलं.

खरी गोष्ट वेगळी होती. शेवटच्या कामात एका कपाटाखाली त्यांचं कोपर दाबलं गेलं आणि उजव्या हाताची करंगळी नि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. नुसतं बधिर असतं तर निभावलं असतं. पण अधूनमधून, ध्यानीमनी नसताना, त्या हाताची पकडच सुटायची. कप, किल्ल्या, पाण्याचा जग. खाली पडल्याचा आवाज यायचा तेव्हा कळायचं, की वस्तू हातात नाही. ज्या हातांवर सगळा जन्म काढला ते असे फितूर झाले, हे कुणाला सांगायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कप फुटला तर दुसरा आणता येतो. मुंगीकडे बघताना त्यांच्या मनात एवढंच यायचं, आणि ते हात मागे बांधून उभे राहायचे.

उन्हाळा लागला आणि मुलगी पुन्हा कामावर रुजू झाली. पडदे शिवण्याच्या कारखान्यात ती कापड बेतायची. सध्या अर्धाच दिवस जायचं ठरलं होतं. जावई शहर बस चालवायचा, त्याने दुपारची पाळी मागून घेतली. सकाळी पोरीला त्याने सांभाळायचं, मधल्या वेळेला कारखान्यात नेऊन आईचं दूध पाजून आणायचं, असा बेत. बाटली मुंगीने साफ नाकारली होती. त्यात तिच्या हिरड्या सुजलेल्या. हाताला येईल ते तोंडात, हनुवटीवरून लाळेची धार, आणि गाल असे लाल, की कुणी चिमटे काढलेत असं वाटावं.

उन्हाची तयारी मुलीने आठवडाभर आधीच केली होती. पडद्यांच्या अस्तराचा उरलेला पातळ सुती कापडाचा तुकडा घेऊन तिने लांब बाह्यांचं सैल झबलं शिवलं. रुंद काठाची टोपी शिवली, तिला हनुवटीखाली बांधायचे बंद लावले. मुंगी टोपी काढून फेकायची, ही परत घालायची. शेवटी मुंगी दमली आणि टोपी डोक्यावर राहिली.

"मान चाचपून बघायची," ती नवऱ्याला बजावत होती. "घामेजली असेल तर सावलीत थांबायचं. चेहऱ्यावर फडकं टाकायचं नाही, श्वास कोंडतो. आणि सावलीच्या बाजूने चालायचं."

"मी बस चालवतो गं, बाजू कळते मला," जावई म्हणाला.

पैलवान कोपऱ्यात बसून लंगोटांच्या घड्या घालत सगळं ऐकत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

चार-दोन दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी, मुलगी कामावर गेल्यावर, जावयाचा फोन वाजला. डेपोतून बोलावणं होतं. एक चालक आजारी पडला होता, बस सुटायची खोळंबली होती. त्याने नाही म्हणून बघितलं, पण पलीकडचा माणूस ऐकेना. फोन ठेवून तो स्वयंपाकघरात आला. मुंगी त्याच्या कडेवर ओल्या फडक्याचं टोक चावत होती.

"बाबा, आज तुम्हाला न्यावं लागेल हिला."

पैलवानांनी तोंड उघडलं. सर्दी नव्हती. हात स्वच्छ होते.

"मला जमणार नाही," ते म्हणाले.

जावयाने मुंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग शांतपणे, पण जरा तुटक आवाजात म्हणाला, "एक विचारू? राग मानू नका. हिच्या आईला वाटतं, तुम्हाला नातू हवा होता. मुलगी झाली म्हणून तुम्ही हात लावत नाही. मागे एकदा रडली त्यावरून. मी म्हटलं, असं नसेल. पण मग काय आहे, ते मलाही सांगता येईना."

पैलवानांना कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलल्यासारखं झालं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, परत उठले.

"नातू?" ते म्हणाले. "अरे, मी स्वतः एका मुलीचा बाप! तिला खांद्यावर घेऊन सगळं गाव फिरलोय मी!"

"मग?"

मग त्यांनी हात पुढे केला आणि सांगून टाकलं. कपाट, कोपर, कप, जग, सगळं. बायकोजवळही ज्यांनी कधी कुरकूर केली नाही, ते जावयासमोर ओट्याला टेकून बोलत राहिले. जावयाने मध्ये एकदा त्यांची करंगळी दाबून बघितली. "कळतंय?" "नाही." "आता?" "नाही रे बाबा."

"म्हणजे हातात धरायची भीती," जावई म्हणाला. "मग हातात धरूच नका. बांधून न्या. मी तरी कुठे हातात धरून नेतो तिला?"

त्याने खुंटीवरची झोळी काढली. चांगली रुंद, जाड पट्ट्यांची, कमरेला आणि खांद्यांना बांधायची. मुंगीला त्याने पैलवानांच्या छातीशी बसवलं, पट्टे ओढून घेतले. पैलवान श्वास रोखून उभे. पण मग जुनी सवय जागी झाली. त्यांनी डाव्या हाताने एकेक पट्टा ओढून बघितला, गुडघ्यात वाकले, उठले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले.

"हा कमरेचा ढिला आहे," ते म्हणाले. "वजन अंगाला घट्ट हवं. लोंबकळलं की माणूस तोल जाऊन पडतो."

जावयाने निमूट पट्टा आवळला. "हनुवटी छातीत रुतायला नको, तोंड दिसत राहायला हवं," तो म्हणाला. "आणि मान खाली घातली की तिच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे. तेवढ्या उंचीवर असली म्हणजे बरोबर."

"घेऊन बघू?"

"घ्या की!"

पैलवानांनी मान खाली घातली. टाळूला दुधाचा आणि इस्त्रीच्या कापडाचा वास येत होता.

रस्त्यावर आले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. सावलीची बाजू घरांच्या पायथ्याशी चिंचोळी उरली होती. पैलवान तिच्यातून भिंतीला चिकटून चालले. मुंगी थोडा वेळ गप्प होती, टोपीच्या काठाखालून सगळ्या जगाकडे संशयाने बघत होती. मग हिरड्या शिवशिवल्या असाव्यात. तिने खांद्याचा पट्टा चावला, सदऱ्याचं बटण चावलं, आणि दोन्हीपैकी काहीच मनासारखं नाही म्हणून भोकाड पसरलं. वाटेवर एक सार्वजनिक नळ होता. तिथे पैलवानांनी हात चोळून धुतला आणि करंगळी पुढे केली. ती तिने दोन्ही मुठींत पकडली आणि असा ताबा घेतला, की विचारता सोय नाही. एरवी कुणी "हळू गं" म्हणून बोट काढून घेतलं असतं. पैलवानांना काही कळतच नव्हतं. ते आपले चालत राहिले.

पुढे मोठं मैदान लागलं. जावई रोज त्यातूनच जायचा, पण तो लवकर निघायचा. तिथे सावलीला झाडाचं पान नव्हतं आणि आता जमिनीतून वाफा निघत होत्या. पैलवानांनी मुंगीची मान चाचपली. घामेजली होती. छत्रीचं ना त्यांच्या डोक्यात आलं होतं, ना जावयाच्या. ते एका दुकानाच्या कापडी छपराखाली थांबले, टोपीचे बंद सैल केले, हाताने वारा घातला. मान कोरडी झाल्यावर त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली.

या शहरातले जिने, बोळ आणि मागचे दरवाजे त्यांना पाठ होते. लांब पडलं तरी चालेल, पण डोक्यावर छप्पर हवं. आधी लोहारकामाच्या गल्लीतून पत्र्याखालून, मग गोदामांच्या मधल्या बोळातून, मग फर्निचरच्या मोठ्या दुकानात समोरून शिरायचं आणि मागून निघायचं. दुकानातला मुकादम त्यांना पाहून ओरडला, "पैलवान! किती दिवसांनी! आज काय माल आहे?"

"काचसामान," पैलवान म्हणाले. "बाजूला हो."

मुकादमाने एक सोफा सरकवून वाट करून दिली. मुंगीने त्याच्याकडे बघितलं, पण करंगळी सोडली नाही.

एवढ्या वळशात उशीर व्हायचा तो झालाच. कारखान्याच्या फाटकाशी मुलगी टाचा उंचावून मैदानाच्या दिशेने बघत उभी होती. पैलवान मागच्या बोळातून आले, त्यामुळे थेट पाठीशी आल्यावरच तिला चाहूल लागली.

"कुठे होतास? मी केव्हाची..." तिचं बोलणं तिथेच थांबलं. तिने झोळीकडे बघितलं, मग वडिलांच्या तोंडाकडे. "बाबा, तुम्ही?"

"आधी पाज तिला. उन्हात नाही आणली," पैलवान घाईघाईने म्हणाले. "छपराखालून आणली सगळी."

आत कापडाच्या ताग्यांमागे एक बाक होता. मुलीने मुंगीला झोळीतून काढून घेतलं आणि पदराआड पाजायला बसली. पैलवान पाठ करून उभे राहिले. मशिनी खडखडत होत्या. आणि एकदम मुलगी किंचाळली, "आई गं!"

पैलवान गर्रकन वळले. "काय झालं? लागलं का तिला?"

"तिला नाही, मला लागलं! चावली!" तिने बोटाने मुंगीची खालची हिरडी चाचपली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "दात आलाय, बाबा! काल नव्हता. हात लावून बघा, तांदळासारखा टोचतोय!"

बघायला म्हणून पैलवानांनी हात पुढे केला. करंगळीवर बारीक लाल चरे उठले होते, एकीकडे रक्ताचा ठिपका.

"अहो, तुम्हाला केवढं चावलंय! कळलं नाही?"

"नाही," पैलवान म्हणाले. मग बाकाच्या टोकावर बसून त्यांनी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. जावयाला सांगणं सोपं गेलं होतं. इथे ते दोनदा थांबले आणि झोळीचा पट्टा उगाच ओढून बघत राहिले. मुलगी मुंगीला पाजत ऐकत होती आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

"मला सांगायला काय झालं होतं?" ती शेवटी म्हणाली. "मी काय तुम्हाला घराबाहेर काढणार होते? मी इकडे मनात काय काय..."

"माहीत आहे. सांगितलं त्याने मला."

"मग आणखी काय म्हणाला तो?"

"आणखी काही नाही. पट्टा आवळून दिला."

ती रडता रडता हसली. मुंगीला हा सगळा हलकल्लोळ आवडला नाही. तिने पिणं थांबवून दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि परत कामाला लागली.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मुलगी म्हणाली. "नाही म्हणायचं नाही."

"अगं, पण..."

"बाबा."

"बरं, जाऊ," पैलवान म्हणाले.

उन्हं उतरेपर्यंत ती त्यांना जाऊ देईना. तिचं काम संपलं तरी ते तिथेच थांबले. पोट भरलेली मुंगी झोळीत, आजोबांच्या छातीवर, तोंड उघडं टाकून झोपली होती. पैलवान ताग्याला पाठ टेकून हलायचं नाही म्हणून ताठ बसले होते. पोर जागी होऊ नये म्हणून शेजारच्या मशीनवरच्या बाईंनी मशीन बंद करून हाताने टाके घालायला घेतले. पैलवानांना तहान लागली होती, पण कुजबुजलेलं कुणाला ऐकू जाईना, आणि मोठ्याने बोलायची त्यांची छाती होईना.

घरांच्या भिंतींची सावली रस्त्यावर पसरली तेव्हा ते निघाले. मैदानात आता वारा सुटला होता, म्हणून त्यांनी सरळ वाट धरली. मुलगी शेजारून चालत होती. तिने एक हात वडिलांच्या उजव्या कोपराखाली अलगद धरला होता, असावा म्हणून. पैलवानांच्या ते लक्षात आलं. एरवी त्यांनी तो झटकला असता. आता त्यांनी फक्त पावलं जरा लहान केली, तिला बरोबर चालता यावं म्हणून.